परदेशी विद्यार्थी आणि आपला मोहल्ला

पुण्यात कोंढवा, कौसरबाग, मीठानगर या भागांत राहणाऱ्यांना परदेशी विद्यार्थ्यांचे आता नवल राहिलेले नाही. असरच्या नमाजनंतर रस्त्यावर जरा वेळ उभे राहिले, तर येमेनी, सुदानी, इराकी, सोमाली, अफगाण मुले भाजीच्या पिशव्या घेऊन जाताना दिसतात. आमच्या किराणा दुकानदाराला हलीब म्हणजे दूध, सुक्कर म्हणजे साखर हे तोंडपाठ झाले आहे. मंदीच्या हॉटेलांच्या पाट्यांवर अरबी अक्षरे आली आहेत. शिकण्यासाठी आलेली ही मुले आपल्या मोहल्ल्यात का राहतात, याची कारणे साधी आहेत. मस्जिद जवळ असते, हलाल गोश्त मिळते आणि शहराच्या पुष्कळ भागांत त्यांना कोणी घर देत नाही.

आपल्या देशात परदेशी विद्यार्थी येण्याची ही परंपरा जुनी आहे. देशाचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांनी 1950 साली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. या परिषदेच्या शिष्यवृत्त्यांवर आशिया आणि आफ्रिकेतली मुले इथे शिकून गेली आणि आपापल्या देशात डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी झाली. उच्च शिक्षणाच्या सरकारी सर्वेक्षणानुसार 2019-20 मध्ये भारतात 49 हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थी शिकत होते आणि ते 168 देशांतून आले होते. सर्वांत जास्त नेपाळचे, त्यानंतर अफगाणिस्तानचे. पुणे हे त्यांचे आवडते शहर. इथे विद्यापीठ आहे, जुनी महाविद्यालये आहेत, हवा बरी आहे आणि मुंबईपेक्षा खर्च कमी आहे.

मी मूळची मिरजेची. लग्नानंतर पुण्यात आले आणि गेली अठरा वर्षे एका उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. या वर्षांत परदेशी विद्यार्थ्यांकडे बघण्याची आपल्या लोकांची नजर मी जवळून पाहिली आहे. ही नजर सर्वांसाठी सारखी नसते, हे सांगण्यासाठीच आज लिहायला बसले आहे.

आखाती देशातला गोरा, दाढी राखलेला तरुण आला की त्याला आपण "शेख साहेब" म्हणतो. तो भाड्याची घासाघीस करणार नाही, अशी मालकाची खात्री असते. इराणी किंवा अफगाण मुलांविषयी लोक म्हणतात, "अच्छे घर के लगते हैं." पण नायजेरिया, सोमालिया, सुदान किंवा टांझानियाचा विद्यार्थी घर बघायला आला की मालकाचा सूर बदलतो. फ्लॅट अचानक "आधीच दिलेला" असतो, किंवा डिपॉझिट दुप्पट होते. जो फ्लॅट आपल्या माणसाला 12 हजारांत मिळतो, त्याचेच त्यांना 18 हजार सांगतात. एजंटही दलाली जास्त घेतो, कारण त्या मुलांपुढे दुसरा रस्ता नाही हे त्याला ठाऊक असते. मुले त्यांच्या मागे "कालू" म्हणून ओरडतात आणि घरातली मोठी माणसे हसतात.

माझे पती सांगतात की जुम्याला मस्जिदमध्ये ही सगळी मुले आपल्या खांद्याला खांदा लावून उभी असतात. सलाम फिरवल्यावर शेजारचा हातही मिळवतो. पण मस्जिदची पायरी उतरली की तोच शेजारी त्याला जिन्यावर नको असतो. सफमध्ये जागा देणे सोपे आहे, तिथे दहा मिनिटांचा प्रश्न असतो. घराचा करार अकरा महिन्यांचा असतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक सुदानी मुलगी आली. तिचे वडील इथे पीएच.डी. करत होते आणि बायको-मुलांना सोबत घेऊन आले होते. मुलगी पाचवीत. तिला उर्दूची लिपी ओळखीची वाटायची, पण शब्दांचा अर्थ लागायचा नाही. टे, डाल, डे ही आपली उर्दूची अक्षरे तिच्या अरबीत नव्हती, म्हणून ती "टोपी"ला "तोबी" म्हणायची आणि अख्खा वर्ग हसायचा. मराठी तर तिच्यासाठी अगदीच नवी. आपल्या राज्यात 2020 च्या कायद्याने सर्व शाळांमध्ये मराठी शिकवणे बंधनकारक झाले आहे, त्यामुळे तिलाही ती शिकावी लागली. 'ळ' म्हणायला तिला दिवाळीपर्यंत वेळ लागेल असे मला वाटले होते. तिने तो ऑगस्टमध्येच म्हटला. "बाळ, फळ, केळ" असे म्हणत ती मधल्या सुट्टीत मैदानभर फिरायची.

सुरुवातीला मुली तिच्या शेजारी बसत नसत. तिच्या केसांना हात लावून पाहत आणि आपसांत कुजबुजत. एकीने तर आईने सांगितले म्हणून बाक बदलून मागितला. मग एके दिवशी सकाळच्या परिपाठात तिने सूरह रहमानच्या आयती पढल्या. तिची भाषाच अरबी. ऐन आणि हे तिच्या घशातून असे निघत होते की आमच्या अरबी शिकवणाऱ्या सरांनी मान खाली घातली आणि डोळे मिटून घेतले. त्या दिवसापासून तिला मैत्रिणी मिळाल्या. मुलांचे मन असेच असते. त्यांची भीती घरून आलेली असते आणि एखाद्या चांगल्या सकाळी ती निघूनही जाते. मोठ्यांचे तसे होत नाही.

15 एप्रिल 2023 ला सुदानमध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. खार्तूममधली बँका-कार्यालये बंद पडली. तिच्या वडिलांना घरून येणारे पैसे थांबले. परत जाणे शक्य नव्हते आणि विद्यार्थी व्हिसावर इथे नोकरी करण्याची परवानगी नसते. शिष्यवृत्तीवर चार माणसांचे कसेबसे भागत होते. त्यातच त्यांच्या घरमालकाने फ्लॅट विकायला काढला आणि दोन महिन्यांत घर रिकामे करायला सांगितले.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तेव्हा रिकामा होता. मालकीण म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या खाला. त्यांचा थोरला मुलगा दोह्याला नोकरीला. मी त्यांच्याकडे शब्द टाकला. खालांनी नाही म्हटले नाही, पण म्हणाल्या, "बेटा, सोसायटीवाल्यांना विचारून घेते." रविवारी मीटिंग बसली. त्यात जे बोलले गेले ते जसेच्या तसे लिहिते, कारण अशी बोलणी आपल्या बहुतेक इमारतींत होतात.

"आज एक कुटुंब येईल, उद्या त्यांची दहा पोरं येऊन राहतील."

"पोलिसांची कटकट कोण सोसणार?"

"ते रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतात."

"लहान मुलं घाबरतील."

"नको बाबा, उनका क्या भरोसा?"

शेवटी एक गृहस्थ म्हणाले, "अरब असते तर गोष्ट वेगळी होती." मी म्हटले, "भाईजान, त्यांची मातृभाषा अरबीच आहे." यावर ते गप्प बसले, पण मत बदलले नाही. घर मिळाले नाही.

त्या कुटुंबाला पिसोळीच्या पुढे एक फ्लॅट मिळाला, सहा महिन्यांचे भाडे आगाऊ देऊन. तिथून शाळेला दोन बस बदलून यावे लागे. मुलगी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आली, मग बंद झाली. वर्गशिक्षिका म्हणून तिच्या दाखल्याची माहिती मीच भरली. "शाळा सोडण्याचे कारण" या रकान्यात मी लिहिले, "निवासस्थान बदलल्यामुळे". ते खोटे नव्हते. पण निवासस्थान का बदलले, यासाठी दाखल्यात रकाना नसतो.

आता लोकांच्या हरकतींकडे प्रामाणिकपणे पाहू या. त्या सगळ्याच खोट्या आहेत असे मी म्हणणार नाही. व्हिसाची मुदत संपूनही राहणारे काही लोक असतात. काही जण गैरधंद्यात सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो. एका फ्लॅटमध्ये आठ-आठ मुले राहतात, रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात, याचा त्रास शेजाऱ्यांना होतो. पण यातली शेवटची गोष्ट लातूरहून आणि नांदेडहून आलेल्या आपल्या मुलांच्या खोल्यांतही होते. तिथे आपण वरच्या मजल्यावर जाऊन दम देतो, पोरं दोन दिवस शांत राहतात. परदेशी मुलांना दम द्यायलाही आपण जात नाही, थेट दारच बंद करतो.

पोलिसांच्या कटकटीविषयी थोडे सांगते, कारण त्याची भीती अज्ञानातून येते. परदेशी माणसाला घरात ठेवले तर मालकाने 24 तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवायचे असते. लोक त्याला सी फॉर्म म्हणतात. पासपोर्ट, व्हिसा, फोटो आणि घराचा पत्ता एवढेच त्यात भरायचे. नेट कॅफेवाला पोरगासुद्धा ते करून देतो. व्हिसा कधी संपतो ते त्याच वेळी कळते. ज्याची कागदपत्रे नीट नसतील त्याला घर देऊ नये, हे अगदी बरोबर आहे. पण ज्याची कागदपत्रे चोख आहेत, त्याला नकार देताना निदान पोलिसांचे नाव पुढे करू नये. जे मालक भाड्याची रोकड घेतात आणि फॉर्म भरत नाहीत, कटकट त्यांच्या वाट्याला येते आणि मग दोष भाडेकरूच्या देशाला लावला जातो.

दुसरी गोष्ट बोलायला जरा कडू आहे. पुण्या-मुंबईत घर शोधताना नाव सांगितल्यावर "आमच्याकडे शाकाहारीच चालतात" हे उत्तर ज्यांनी ऐकलेले नाही, असे घर या मासिकाच्या वाचकांत क्वचितच असेल. त्या वेळी आपल्याला काय वाटते? मी शिकलेली आहे, माझे पती नोकरी करतात, आम्ही वेळेवर भाडे देऊ, आमच्याकडे बघा, आमच्या नावाकडे नको. अगदी हेच त्या सुदानी माणसाला म्हणायचे होते. फक्त ते म्हणण्याइतकी मराठी त्याला येत नव्हती.

रंगाचा प्रश्न तर आपण मान्यच करत नाही. "इस्लाममध्ये रंगभेद नाही" असे म्हटले की आपले काम झाले, असे आपल्याला वाटते. धर्मात नाही, हे खरेच आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी अखेरच्या हजच्या खुत्ब्यात गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, श्रेष्ठत्व फक्त तकव्याने, हे बजावून सांगितले. अजान देण्याचा मान त्यांनी हजरत बिलाल (रजि.) यांना दिला, ते हब्शी होते. पण आपल्या घरांत रिश्ता बघताना पहिला प्रश्न कोणता असतो? "लड़की साफ रंग की है ना?" सावळ्या मुलीच्या आईला हा प्रश्न किती वेळा ऐकावा लागतो, ते तिलाच विचारा. जी नजर आपण आपल्याच लेकींवर रोखतो, तीच मग रस्त्यावरच्या आफ्रिकी विद्यार्थ्यावर जाते.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासाचेही आपल्याला भान राहत नाही. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कर्ताधर्ता वजीर झाला. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद झाले. त्याने बांधलेली नहर लोकांना पाणी पाजत राहिली. त्याच्या जमीनमहसुलाच्या पद्धतीचे नाव आजही इतिहासाच्या पुस्तकांत येते. 1626 मध्ये तो वारला, त्याची कबर खुलदाबादेत आहे. कोकणात मुरूड-जंजिऱ्यावर सिद्दींचे राज्य 1948 पर्यंत होते. मी मुलांना मलिक अंबरचा धडा शिकवते तेव्हा मुले अभिमानाने ऐकतात. त्या मुलांपैकी कोणाला धड्यातला माणूस आणि कोपऱ्यावरच्या दुकानात फोन रिचार्ज करायला आलेला विद्यार्थी एकाच मुलखाच्या बाजूचे आहेत, हे सुचत नाही. आता मी धडा संपवताना नकाशा काढते आणि इथिओपियावर बोट ठेवून शेजारचा सुदानही दाखवते.

या सगळ्याची दुसरी बाजू आमच्या घरानेच अनुभवली. माझ्या नणंदेचा मुलगा किर्गिझस्तानात बिश्केकला एमबीबीएस करतो. आपल्या समाजातली कितीतरी मुले तिकडे, उझबेकिस्तानात, जॉर्जियात, रशियात शिकतात, कारण नीटमध्ये पास होऊनही सरकारी जागा मिळत नाही आणि खासगी महाविद्यालयाची फी झेपत नाही. 2024 मध्ये परदेशांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या 13 लाखांवर होती. म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थ्यामागे आपली पंचवीसहून अधिक मुले बाहेर आहेत. त्यांच्याकडे तिथले लोक कसे बघत असतील, हा विचार आपण फार कमी वेळा करतो.

मे 2024 मध्ये बिश्केकमध्ये काही परदेशी विद्यार्थी आणि स्थानिक तरुण यांच्यात भांडण झाले. त्याचा व्हिडिओ पसरला आणि 17 तारखेच्या रात्री जमाव परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर चालून गेला. भांडणात कोण होते आणि मार कोण खात होते, याचा काही मेळ नव्हता. पाकिस्तानी, भारतीय, जो दिसेल तो. आपल्या दूतावासाने विद्यार्थ्यांना घराबाहेर पडू नका असे सांगितले. सोलापूरला माझी नणंद रात्रभर मुसल्ल्यावर बसून होती. मुलगा फोनवर हळू आवाजात बोलत होता, दिवे बंद करून.

तो आणि त्याचे दोन मित्र एका म्हाताऱ्या किर्गिझ बाईच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहत होते. त्या बाईने तीन दिवस त्यांना बाहेर जाऊ दिले नाही. खाली काही पोरे विचारत आली तेव्हा "इथे कोणी परदेशी राहत नाही" असे सांगून त्यांना वाटेला लावले. रोज सूप आणि रोटी मुलांच्या खोलीत नेऊन दिली. तिची भाषा माझ्या भाच्याला धड येत नव्हती. नणंदेने व्हिडिओ कॉलवर तिच्यापुढे हात जोडले, तर तिने आपल्या छातीवर हात ठेवून मान हलवली. एवढाच त्यांचा संवाद.

त्याच वर्षी मार्चमध्ये, रमजानच्या दिवसांत, अहमदाबादमध्ये गुजरात विद्यापीठाच्या वसतिगृहात तरावीह पढणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ला केला होता. ती बातमी वाचून आपल्या घराघरांत हळहळ झाली, आणि ती रास्तच होती. पण हळहळ व्यक्त करायला आपल्याला अहमदाबाद आणि बिश्केक लागतात. आपल्या जिन्यावर दगड कोणी मारत नाही, नुसते "फ्लॅट दिला गेला" म्हणतात. ज्याला ते ऐकावे लागते त्याला त्या रात्री कुठे झोपायचे, हा प्रश्न मात्र उरतोच.

त्या वर्षी बकरी ईदला नणंद आमच्याकडे आली होती. इमारतीतल्या बायका भेटायला आल्या तेव्हा तिने बिश्केकची सगळी हकीकत सांगितली. खाला ऐकत होत्या. काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी जिन्यात भेटल्यावर त्यांनी मला विचारले, "वो सी फॉर्म कैसे भरते, बेटा?" तोवर त्या सुदानी माणसाचे काम संपून ते कुटुंब पुणे सोडून गेले होते. खालांच्या फ्लॅटमध्ये नंतर नायजेरियाचे एक विद्यार्थी जोडपे राहायला आले. भाडे इतरांइतकेच. वर्षभरात पाण्याच्या टाकीवरून दोनदा वाद झाला, पण तो आमच्या इमारतीत सगळ्यांशीच होतो. ज्या गृहस्थांना अरब चालले असते, त्यांचा मुलगा आता त्या नायजेरियन तरुणाकडे इंग्रजी बोलायचा सराव करायला जातो.

वाचक भगिनी-बंधूंनो, दर वर्षी जून-जुलैत नवे विद्यार्थी येतात आणि घरे शोधत फिरतात. आपल्याकडून फार मोठ्या गोष्टींची अपेक्षा नाही. घर रिकामे असेल तर कागदपत्रे बघा, सी फॉर्म भरा आणि भाडे तेच सांगा जे आपल्या माणसाला सांगता. नियम असतील ते पहिल्याच दिवशी इंग्रजीत लिहून द्या, किती माणसे राहतील, रात्री किती वाजेपर्यंत आवाज चालेल, कचरा कुठे टाकायचा. मस्जिदच्या कमिटीने घर देण्यास तयार असलेल्या मालकांची यादी ठेवली, तर एजंटांची लूट कमी होईल. जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये मुसाफिरही येतो. आपल्या देशात खाऊनपिऊन सुखी असलेला, पण वाटेत अडकलेला माणूससुद्धा त्यात मोडतो. 2021 मध्ये काबूल पडले तेव्हा अफगाण मुलांवर आणि 2023 मध्ये सुदानी मुलांवर हीच वेळ आली होती. पुढचे युद्ध कोणत्या देशात होईल ते अल्लाहला ठाऊक, पण त्या देशाची चार मुले त्या वेळी आपल्या मोहल्ल्यात असण्याची शक्यता आहे.

आणि एक काम आयांनी करायचे आहे. रस्त्यात पोराच्या तोंडून "कालू" ऐकले तर हसू नका. तिथल्या तिथे त्याला थांबवा आणि त्या विद्यार्थ्याला सलाम करायला लावा. तो वअलैकुम अस्सलाम म्हणेल, आपल्यापेक्षा शुद्ध उच्चारात. मग पोरगा त्याला नाव विचारेल.